गाडी येते हो, पण कागदाचं काय?

मागच्या दिवाळीत धाकटे काका आणि मी, दोघंही एकाच वेळी सुट्टीवर घरी होतो. काका दुबईहून, मी श्टुटगार्टहून. नागपूर विमानतळावर मला घ्यायला काकाच आले आणि समृद्धी महामार्गाने आम्ही कारंज्याकडे निघालो. स्टिअरिंगवर अर्थातच काका. त्यांच्या शेजारी बसलं की मला अजूनही आठवीतला पोरगा झाल्यासारखं वाटतं.

गप्पा कुठून कशा वळल्या कोण जाणे, पण विषय निघाला लायसन्सचा. परदेशात गेल्यावर आम्हा दोघांनाही नव्याने परीक्षा द्यावी लागली होती. काकांनी एकच वाक्य टाकलं, "पंचवीस वर्सं टरक हाकला, अन् तिथं ते पोट्टं मले ब्रेक कसा मारावा ते शिकोत होतं!" मी हसलो. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. परत आल्यावर दोन वीकएंड यात घातले. त्याचं फलित म्हणजे हा लेख.

आधी थोडा इतिहास. मोटारी आल्या आणि लगेचच त्या सरहद्दी ओलांडायला लागल्या. प्रत्येक देशाने चालकाची नव्याने परीक्षा घ्यायची म्हटलं तर प्रवास संपलाच. म्हणून १९०९ साली पॅरिसमध्ये पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. १९२६ साली पॅरिसमध्येच दुसरा झाला, आणि त्यात चालकाचा परवाना गाडीच्या कागदांपासून वेगळा निघाला. आज आपण ज्याला इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट म्हणतो त्याची सुरुवात ही. मग १९४९ चा जिनिव्हा करार आणि १९६८ चा व्हिएन्ना करार.

पण या सगळ्यात एक मेख आहे. ही सवलत पाहुण्यांसाठी आहे, राहायला आलेल्यांसाठी नाही! व्हिएन्ना करारात तर स्पष्टच म्हटलंय की माणसाने आपलं कायमचं राहणं दुसऱ्या देशात हलवलं, तर त्याचं जुनं लायसन्स मानायला तो देश बांधील नाही. म्हणजे फिरायला या, गाडी चालवा, स्वागत आहे. बिऱ्हाड घेऊन आलात, तर आमचे नियम.

आणि इथे प्रत्येक देशाची तऱ्हा निराळी. दुबईने हिशेब लावला अनुभवाच्या वर्षांचा. लायसन्सच नसेल तर प्रशिक्षण २० तासांचं, दोन ते पाच वर्षं जुनं असेल तर १५, आणि पाच वर्षांहून जुनं असेल तर १०. काका २०१९ मध्ये गेले तेव्हा त्यांच्या वाट्याला हेच १० तास आले. त्यांचं लायसन्स १९९४ चं, म्हणजे वाशिम जिल्हा व्हायच्या आधीचं, अकोल्याचं. (आपला जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. तोवर आम्ही अकोलेकरच.) पुढे २०२३ मध्ये दुबईने 'गोल्डन चान्स' नावाची सोय काढली. क्लास न लावता एकदा थेट परीक्षा द्यायची. पास झालात तर उत्तम, नापास झालात तर मुकाट्याने क्लास. काकांना ती चार वर्षं उशिरा आली.

जर्मनीचा हिशेब वर्षांचा नाही, देशाचा. १९९९ पासून तिथे जी लायसन्सची नियमावली लागू आहे तिच्या परिशिष्टात एक यादी आहे. युरोपियन युनियनवाल्यांचं तर आपसात जमलेलंच असतं. यादीत जपान, दक्षिण कोरिया, अमेरिकेतली बरीच राज्यं. यांच्यापैकी बऱ्याच जणांना परीक्षा नाही, जुनं द्या आणि नवं घ्या. भारत त्या यादीत नाही. आपलं लायसन्स तिथे राहायला गेल्यापासून सहा महिने चालतं. त्यानंतर लेखी आणि प्रात्यक्षिक, दोन्ही परीक्षा. सवलत एकच. नवशिक्या जर्मन मुलाला २०१८ मध्ये ९० मिनिटांचे १४ थिअरी क्लास आणि हायवे, ऑटोबान, रात्रीचं ड्रायव्हिंग मिळून १२ खास धडे सक्तीचे होते. मला सक्ती शून्य.

शून्य तास! मी खूश. आपल्याला येतंच की गाडी चालवता. इंग्रजीतून लेखी परीक्षा दिली, सुटलो. प्रात्यक्षिकाआधी ड्रायव्हिंग स्कूलच्या शिक्षकाने एक चक्कर मारायला लावली. चक्कर संपल्यावर शांतपणे म्हणाला, "तुम्हाला गाडी पुढे नेता येते. बाकीचं शिकू या."

बाकीचं म्हणजे काय? लेन बदलताना मान वळवून खांद्यावरून मागे बघणं. पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ देणं. सायकलवाल्याशेजारून जाताना अंतर सोडणं. झेब्रा क्रॉसिंगजवळ कोणी नुसतं उभं असलं तरी थांबणं. सक्तीचे शून्य तास होते, मी १६ धडे घेतले. तरी पहिल्या परीक्षेत नापास. दुसऱ्या खेपेला पास झालो, तेव्हा नव्या कार्डाच्या बदल्यात माझं एमएच-३७ वालं लायसन्स काढून घेतलं. उगाच वाईट वाटलं.

आता जरा कबुली. ते एमएच-३७ वालं लायसन्स मला २००६ मध्ये कसं मिळालं होतं? एजंटला पैसे दिले, फोटो काढला, सही केली. कुठल्या ऑफिसात ते जाऊ द्या. गाडी चालवून दाखव असं मला कोणी म्हटलं नाही, आणि मीही विचारलं नाही. सगळे असंच करतात म्हणून मीही केलं.

'सगळे' हा शब्द मी उगाच वापरत नाहीये. दिल्लीत मारियान बर्ट्रांड, रेमा हन्ना, सेंधिल मुल्लइनाथन वगैरे अर्थशास्त्रज्ञांनी लायसन्स काढायला निघालेल्या ८०० हून अधिक लोकांचा माग ठेवला. अभ्यास छापून आला २००७ मध्ये. ज्यांना लायसन्स मिळालं त्यांच्यापैकी सुमारे ७१ टक्क्यांनी चाचणी दिलीच नव्हती! संशोधकांनी मग स्वतः अचानक चाचणी घेतली, त्यात ६२ टक्के लोक गाडी चालवायला लायक ठरले नाहीत. कायद्यात चाचणी नव्हती असं नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ती व्यवस्थित लिहिलेली आहे. कागदावर होती, रस्त्यावर नव्हती.

हे वाचल्यावर जर्मनीवरचा माझा राग बराच उतरला. युरोपातल्या देशांनी एकमेकांची लायसन्सं मानायला सुरुवात केली ती काही प्रेमापोटी नव्हे. १९९१ च्या निर्देशात आधी परीक्षेचा किमान दर्जा सगळ्यांसाठी सारखा ठरवला, आणि मग १९९६ पासून एकमेकांची लायसन्सं बदलून न घेता तशीच मानायला लागले. म्हणजे विश्वास कार्डावर नाही, कार्डामागच्या परीक्षेवर आहे. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर टेस्ट न चालवता 'ऑल पास' लिहिलेला रिपोर्ट पुढच्या टीमला पाठवला, तर पुढची टीम एकदा फसेल. दुसऱ्यांदा सगळं स्वतः तपासून घेईल. त्यांचं चुकलं कुठे?

मग चुकलं कोणाचं? इथे मला काका आठवतात. कापसाच्या गाठी भरून घाटात, पावसात, रात्री-अपरात्री त्यांनी पंचवीस वर्षं ट्रक चालवला, एकदाही कोणाला धक्का न लावता. त्यांच्या हातातला कागद आणि माझ्या हातातला कागद अगदी सारखा दिसतो. दुबईतल्या खिडकीपलीकडच्या माणसाला फरक कळणार कसा? माझ्यासारख्यांनी तो कागद स्वस्त केला, आणि त्याची किंमत मात्र काकांनी भरली. दहा तासांची फी, बुडालेली हजेरी, आणि पोराच्या वयाच्या शिक्षकासमोर मान खाली घालून बसणं.

आपल्याकडे २०२१ मध्ये नवा नियम आला. मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रात चार आठवड्यांत २९ तासांचा कोर्स पूर्ण करून तिथली परीक्षा पास झालात, तर आरटीओची चाचणी माफ. कल्पना वाईट नाही. पण चाचणी हलली तरी प्रश्न तोच राहतो, ती खरोखर घेणार का? त्याचं उत्तर एखाद्या परदेशी परिशिष्टात नाही, रिसोड-मंगरूळपीरच्या मैदानात द्यावं लागेल.

कारंज्याला उतरायच्या आधी मी काकांना २००६ ची गोष्ट सांगून टाकली. त्यांना वाटलं होतं मी चाचणी दिली होती. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग डावीकडची लेन घेताना आरशात पाहिलं, मान वळवून खांद्यावरून मागेही पाहिलं, आणि म्हणाले, "मंग तं त्या दुबईवाल्यायचं बराबर होतं ना बावा."

असो. पुढच्या खेपेला गाडी मी चालवणार आहे. ते शेजारी बसून परीक्षा घेणार म्हणालेत.