टो विमान (ग्लायडर)

ग्लायडरला दोराने मागे बांधून आकाशात नेणाऱ्या व ठरावीक उंचीवर सोडून देणाऱ्या इंजिनयुक्त विमानास टो विमान किंवा टग म्हणतात. या उड्डाणपद्धतीला एरोटो असे नाव आहे. ग्लायडरला स्वतःचे इंजिन नसल्याने त्याला आरंभीची उंची बाहेरून मिळवून द्यावी लागते. त्यासाठी एरोटो आणि विंच या दोन पद्धती सर्वाधिक रूढ आहेत. विंच म्हणजे धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेले, इंजिनावर फिरणारे दोराचे मोठे रीळ.

मुळातच टो विमान म्हणून बांधलेली विमाने थोडी आहेत. बहुतेक ठिकाणी शेतीवरील फवारणीचे, प्रशिक्षणाचे वा सहलीचे विमान निवडून त्यात फेरबदल केले जातात. निवड चुकली तर खर्च वाढतो एवढेच नव्हे, तर टो विमानाच्या वैमानिकाचा जीव धोक्यात येतो.

पूर्वेतिहास

विमानाने ग्लायडर ओढण्याचे यशस्वी प्रयोग १९२७ मध्ये जर्मनीत झाले. दुसऱ्या महायुद्धात या पद्धतीचा लष्करी वापर मोठ्या प्रमाणावर झाला. ५ मार्च १९४४ च्या रात्री आसाममधील लालाघाट येथून डकोटा विमानांनी वॅको जातीची ग्लायडरे ब्रह्मदेशातील 'ब्रॉडवे' या जंगलातील मोकळ्या जागेकडे नेली. एकेका डकोटामागे दोन-दोन ग्लायडरे जोडलेली होती व ती क्षमतेपेक्षा अधिक भरलेली होती. डोंगर ओलांडताना अनेक दोर तुटले आणि बरीच ग्लायडरे वाटेतच उतरली वा कोसळली.

पुणे परिसर आणि हडपसर

सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेचा प्रदेश ग्लायडिंगला अनुकूल आहे. शिरूर-दौंडकडील उघडी जमीन उन्हाळ्यात लवकर तापते व तिच्यावरील तापलेली हवा झोताने वर चढते. या झोताला थर्मल म्हणतात. केंदूरच्या माळावर चैत्र-वैशाखाच्या दुपारी पंख न हलवता गोल गोल चढत जाणारी घार याच झोतावर चढत असते. ग्लायडरचा वैमानिक तिच्यापेक्षा वेगळे काही करीत नाही. फक्त झोतापर्यंत त्याला कोणीतरी पोचवावे लागते.

पुण्यात हडपसर येथे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे ग्लायडिंग केंद्र आहे. तेथील नित्याची पद्धत विंचची आहे. सुमारे एक किलोमीटर लांबीच्या दोरावर ग्लायडर पतंगासारखे चढते आणि अनुकूल वाऱ्यात साधारण ३०० ते ४०० मीटर उंची गाठून दोर सोडते. एका उड्डाणास मिनिटभराहूनही कमी वेळ व थोडेसे इंधन लागते, म्हणून विद्यार्थ्याला कमी खर्चात अनेक उड्डाणे करता येतात. विंचची मर्यादा अशी की ती ग्लायडरला मैदानाच्या माथ्यावरच सोडते. थर्मल तीन किलोमीटर दूर असेल तर तेथवर पोचेपर्यंत उंचीचा मोठा भाग खर्ची पडतो. टो विमान ग्लायडरला थेट थर्मलपाशी, बहुधा ६०० मीटर उंचीवर नेऊन सोडते. लांब पल्ल्याच्या उड्डाणासाठी हा फरक निर्णायक ठरतो.

चढाईचा हिशेब

टो विमानाची अश्वशक्ती नेमकी कशावर खर्च होते, हे शालेय गणिताने समजते. सुपर ब्लानिक हे दोन आसनी धातूचे ग्लायडर पूर्ण भारासह सुमारे ५१० किलोचे असते आणि शांत हवेत एक मीटर खाली येताना जास्तीत जास्त २८ मीटर पुढे जाते. म्हणजे ते सपाट ओढण्यास वजनाचा अठ्ठाविसावा भाग, सुमारे १८ किलो इतकीच ओढ पुरते. सेकंदाला ३० मीटर (ताशी १०८ किलोमीटर) वेगाने जाताना सेकंदाला ३ मीटर चढायचे असेल, तर वजनाच्या दहाव्या भागाची, म्हणजे ५१ किलोची भर पडते. दोरावरील एकूण ताण ६९ किलो व त्यासाठी लागणारी शक्ती सुमारे २८ अश्वशक्ती.

आता टो विमान पाहू. त्याचे वजन वैमानिकासह ६०० किलो व हवेचा विरोध वजनाच्या अष्टमांश धरला, तर त्याला स्वतःला वर नेण्यास ५४ अश्वशक्ती लागते. बेरीज ८२. मंद वेगात प्रोपेलर इंजिनाच्या शक्तीपैकी साधारण ६० टक्केच कामी आणतो, म्हणून इंजिन सुमारे १३७ अश्वशक्तीचे हवे. हेच विमान ९०० किलोचे असेल तर गरज १८० च्या पुढे जाते. हा हिशेब ढोबळ आहे, पण त्यातून दिसते ते खरे आहे: शक्तीचा मोठा वाटा ग्लायडर खात नाही, टो विमानच खाते. दणकट इंजिनाच्या जड विमानापेक्षा बेताच्या इंजिनाचे हलके विमान पुष्कळदा सरस ठरते.

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. तापमान ४० अंशांवर गेले की येथील हवेची घनता प्रमाण हवेच्या ८६ टक्क्यांवर येते व त्याच प्रमाणात साध्या इंजिनाची शक्ती घटते. १५० अश्वशक्तीचे इंजिन सुमारे १२९ चे काम करते. थर्मल जोमदार असतात त्याच दुपारी टो विमान सर्वांत दुबळे असते, ही या प्रदेशातील खरी अडचण आहे.

हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे 'पुष्पक' या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. हसूर (जि. कोल्हापूर) येथे जन्मलेले व गटिंगेन येथे प्रांट्‌ल यांच्याकडे शिकलेले डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या देखरेखीखाली ते तयार झाले व १९५८ मध्ये प्रथम उडाले. फ्लाइंग क्लबांसाठी ते उत्तम व हलके विमान होते. मात्र त्याचे इंजिन ९० अश्वशक्तीचे आहे. वरील पद्धतीने, पुष्पकचे उडते वजन ५०० किलो धरून काढले, तर पुण्याच्या उन्हाळ्यात दोन आसनी ग्लायडरसह त्याचा चढ सेकंदाला जेमतेम एक मीटर येतो. ६०० मीटरसाठी नऊ मिनिटांहून अधिक वेळ, आणि तोही धावपट्टीच्या टोकावरील झाडे वा इमारती सुखरूप ओलांडल्यानंतरचा.

निवड

अमेरिकेतील पायपर सुपर कब (१५० अश्वशक्ती) हे जुने व लोकप्रिय टो विमान आहे. पायपर पॉनी हे १९५० च्या दशकात पिकांवरील फवारणीसाठी घडवलेले एक आसनी विमान. औषधाची टाकी काढली की ते हलके होते, त्याचे इंजिन बहुधा २३५ अश्वशक्तीचे असते, आणि मंद वेगाने, जमिनीजवळ, दिवसभर उडण्यासाठीच त्याची रचना झालेली असल्याने एरोटोचे काम त्याला परके नाही. त्याचे उत्पादन १९८१ मध्ये थांबले. जगभरचे क्लब त्यानंतरही जुनी पॉनी दुरुस्त करून वापरत राहिले. फ्रान्सचे लाकडी बांधणीचे रोबँ (१८० अश्वशक्ती) व पोलंडचे विल्गा (२६० अश्वशक्ती) हीदेखील प्रसिद्ध आहेत. विल्गा शक्तिमान खरे, पण इंधनाच्या बाबतीत फार खादाड.

अलीकडे युरोपात युरोफॉक्ससारखी, सुमारे १०० अश्वशक्तीच्या रोटॅक्स इंजिनाची अतिशय हलकी विमाने या कामास लावली जातात. रोटॅक्स मिनिटाला ५,८०० फेरे फिरते, परंतु दातेरी चाकांच्या योगे प्रोपेलर सुमारे २,४०० फेऱ्यांवर येतो. विमान हलके व प्रोपेलर सावकाश फिरणारा असल्याने कमी शक्तीतही काम भागते.

फेरबदल

पहिला बदल बहुधा प्रोपेलरचा असतो. सहलीच्या विमानाचा प्रोपेलर वेगासाठी असतो. त्याऐवजी कमी पिचचा, चढाईसाठीचा प्रोपेलर बसवतात. सायकलचा किंवा मोटारीचा खालचा गिअर टाकण्यासारखेच हे आहे. युरोपात आवाजाचे नियम कडक असल्याने चार पात्यांचे प्रोपेलर व सायलेन्सरही लावतात. इंजिन बदलण्याचीही प्रथा आहे: १०० अश्वशक्तीच्या सेस्ना १५० मध्ये १५० अश्वशक्तीचे इंजिन घालून, पुढचे चाक काढून शेपटीला चाक लावलेली विमाने अमेरिकेत आढळतात.

इंजिनाच्या शीतनाकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही. चढताना वेग कमी व शक्ती पूर्ण, त्यामुळे सिलिंडर अतिशय तापतात. ग्लायडर सुटताच वैमानिकाने थ्रॉटल एकदम मिटून सूर मारला, तर तेच सिलिंडर झपाट्याने थंड होऊन त्यांना तडे जाऊ शकतात. दिवसातून वीस वेळा हे घडले की इंजिनाचे आयुष्य घटते. त्यासाठी हवेचे मार्ग रुंदावणे, प्रत्येक सिलिंडरला तापमापक लावणे आणि शक्ती टप्प्याटप्प्याने कमी करण्याची शिस्त पाळणे हे उपाय आहेत. ऑस्ट्रेलियात पॉनीवर मोटारगाडीचे पाण्याने थंड होणारे व्ही-८ इंजिन बसवण्याचा प्रयोग याच कारणाने झाला.

भारतात अशा कोणत्याही बदलास नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता आवश्यक असते. गावच्या गॅरेजमध्ये ट्रॅक्टरला आकडा जोडावा तसे हे काम करता येत नाही.

आकडा, दोर व अपघात

शेपटीखालचा आकडा हा दिसायला सर्वांत लहान, पण सर्वांत महत्त्वाचा फेरबदल होय. दोर सामान्यतः ६० मीटरच्या आसपास असतो. त्याच्या टोकाला मुद्दाम ठरावीक ताणावर तुटणारी कडी बसवतात. अमेरिकेच्या नियमानुसार दोराची ताकद ग्लायडरच्या कमाल वजनाच्या ८० टक्क्यांहून कमी व दुपटीहून अधिक नसावी. दोर त्याहून भक्कम असल्यास कड्या आवश्यक ठरतात. युरोपात कड्यांना रंग असतात: काळी १,००० किलोला तुटते, निळी ६०० ला, हिरवी ३०० ला. नेहमीचा ताण ७० किलोच्या आसपास असताना एवढी ताकद कशाला, असा प्रश्न पडतो. हवेतील हिसके व ढिला पडून पुन्हा ताणला जाणारा दोर हे त्याचे उत्तर.

ग्लायडर टो विमानाच्या फार वर गेले की दोर टो विमानाची शेपटी वर खेचतो, नाक खाली जाते आणि एका मर्यादेपलीकडे एलेव्हेटर पूर्ण ओढूनही ते सावरत नाही. हे सारे दोन-तीन सेकंदांत घडते. जमिनीजवळ घडल्यास टो विमानाचा वैमानिक वाचणे कठीण. ग्लायडरच्या पोटाखालील, विंचसाठीच्या आकड्यावरून एरोटो केल्यास हा धोका वाढतो, म्हणून एरोटोसाठी नाकाजवळचा आकडा वापरावा असा दंडक आहे. केवळ विंचवर शिकलेल्या वैमानिकास एरोटोचे वेगळे प्रशिक्षण लागते, त्याचे हे एक कारण. टो विमान क्षणभर जरी दिसेनासे झाले, तरी ग्लायडरने तत्काळ दोर सोडायचा असतो.

टो विमानाकडील आकड्याची एक जुनी अमेरिकी रचना वरच्या दिशेने मोठा ताण आल्यास घट्ट बसते व नेमक्या संकटात सुटत नाही. त्यामुळे अनेक क्लबांनी ती उलटी बसवली किंवा कोणत्याही दिशेच्या ताणाखाली सुटणारे कडीचे आकडे घेतले. सोडण्याची मूठ थ्रॉटलजवळ, न शोधता हाती लागेल अशी हवी. ती आसनाखाली वा जमिनीलगत असेल, तर वाकून पोचेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. मागचे दिसण्यासाठी आरसा लावतात. बोलणे रेडिओवर होते, तरी दोन खुणा पाठ असाव्या लागतात. टो विमानाने पंख डोलवले तर ग्लायडरने त्याच क्षणी दोर सोडायचा. शेपटीचे सुकाणू हलवले तर ग्लायडरचे एअरब्रेक उघडे राहिले आहेत असा अर्थ. तेव्हा दोर न सोडता ते मिटायचे. या दोन खुणांची गल्लत होऊन कमी उंचीवर, एअरब्रेक उघडे असतानाच दोर सोडला गेल्यास ग्लायडरला मैदानात परतण्याइतकी उंची उरत नाही.