कौशल्याचे अभय

१८६७ च्या सार्वजनिक जुगार अधिनियमाने जुगाराचे अड्डे दंडनीय ठरविले. मात्र कलम १२ ने निव्वळ कौशल्याच्या खेळांना अभय दिले. त्या सवलतीचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. १९५७ मध्ये चमारबागवाला खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने कौशल्याच्या स्पर्धांना व्यापाराचे घटनात्मक संरक्षण दिले, जुगाराला नाकारले. पुढे १९६७ मध्ये रमी आणि १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत कौशल्याच्या बाजूस गणली गेली.

२०१७ मध्ये ‘ड्रीम ११’ची पाळी आली. प्रत्यक्ष सामन्यातील खेळाडूंमधून आपला काल्पनिक संघ निवडायचा व पैसे भरून स्पर्धेत उतरायचे, असा हा खेळ. पैसे गमावलेल्या एकानेच त्याविरुद्ध पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयात धाव घेतली. संघनिवडीस कौशल्य लागते, म्हणून हा जुगार नव्हे, असा निर्णय झाला.

निर्णय कायद्यास धरूनच होता. परंतु अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मला तो प्रश्नच अपुरा वाटतो. संयोजकाचा वाटा वजा झाल्यावर एकाची कमाई ही इतरांची हानीच असते. हरणाऱ्याच्या घरखर्चाला कलम १२ चा आधार नसतो.

२०२५ च्या केंद्रीय कायद्याने कौशल्य की नशीब हा भेद बाजूस सारून, पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. पैसा कोणाच्या खिशातून जातो, हे विचारावयास आपल्याला १५८ वर्षे लागली.