गुडघ्यातलं इंजेक्शन : दुखणं थांबलं ते कशामुळे?

आज समोर ज्येष्ठ मंडळी बरीच दिसतायत, त्यामुळे विषयाची फार ओळख करून द्यायला नको. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं की पेशंट डॉक्टरांना आधी विचारतो, "फार दुखेल का हो?" त्यावर उपाय म्हणून थेट सांध्यातच औषध सोडायची पद्धत आली. तिचा इतिहास आज बघू.

सुरुवात मात्र डोळ्यापासून करावी लागते. १८८४ साली कार्ल कोलर या व्हिएन्नाच्या तरुण डॉक्टरने कोकेनचे थेंब घालून डोळा बधिर करून दाखवला. सगळा माणूस बेशुद्ध न करता हवी तेवढीच जागा बधिर करता येते, हे त्यातून सिद्ध झालं. पुढे प्रोकेन आलं, १९४३ मध्ये स्वीडनमध्ये लिडोकेन तयार झालं, आणि १९५७ मध्ये तिथेच जास्त वेळ टिकणारं ब्युपिवाकेन.

दुसरा धागा जपानचा. केंजी ताकागी यांनी १९१८ मध्ये टोकियोत मृतदेहाच्या गुडघ्यात दुर्बीण घालून पाहिली. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी १९६२ मध्ये दुर्बिणीतून गुडघ्यातल्या फाटलेल्या गादीचा तुकडा काढला. ही शस्त्रक्रिया जगभर पसरली आणि पेशंट त्याच दिवशी घरी जाऊ लागला. आता घरी रात्री दुखायला लागलं तर काय? तिथे नर्सही नाही आणि शिरेतून औषधही नाही. म्हणून दुर्बीण बाहेर काढता काढता सांध्यात ब्युपिवाकेन सोडायची रीत पडली. पण त्याचा असर काही तासांतच उतरायचा.

मग आलं १९९१. ख्रिस्टोफ श्टाइन आणि त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांनी ५२ पेशंटांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. मॉर्फीन मेंदूत आणि मज्जारज्जूत काम करतं, ही तोवरची समजूत. यांनी काही जणांना १ मिलिग्रॅम मॉर्फीन शिरेतून दिलं आणि काहींना तेवढंच गुडघ्यात. गुडघ्यातलं मॉर्फीन काही तासांनंतरही सरस ठरलं. मॉर्फीनला अडवणारं नॅलॉक्सोन सोबत दिलं, तर फायदा गेला. म्हणजे मॉर्फीनला धरून ठेवणाऱ्या जागा सांध्यातही आहेत! कल्पना फार देखणी होती. साहजिकच ठिकठिकाणी प्रयोग सुरू झाले.

आणि गंमत बघा, निकाल जुळेनात. कुठे फायदा दिसे, कुठे काहीच नाही. तेव्हा ऑस्लोच्या लाइव्ह रोसलँड यांच्या गटाने एक साधी गोष्ट केली. या ऑपरेशननंतर सगळ्यांनाच फार दुखत नाही. ज्यांना दुखतच नाही त्यांच्यावर औषध तपासून काय कळणार? म्हणून त्यांनी सांध्यात बारीक नळी ठेवली, वाट पाहिली, आणि ज्यांना खरोखर दुखू लागलं त्यांनाच इंजेक्शन दिलं. कशाचं? नुसत्या सलाईनचं! काहींना १० मिलिलिटर, काहींना जेमतेम १. २००४ मध्ये निकाल आला : दोन्ही गटांचं दुखणं उतरलं.

याचा अर्थ पेशंट खोटं बोलत होते असा नाही. ऑपरेशननंतरची कळ ठराविक वेळाने आपोआप ओसरते, आणि "औषध मिळालं" या भरवशानेही ती उतरते. मॉर्फीनला स्पर्धा या दोघांशी होती. २००५ मध्ये याच गटाने सगळे प्रयोग तपासले, तेव्हा मॉर्फीनच्या बाजूने विश्वासार्ह पुरावा सापडला नाही. २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यातही तो मिळाला नाही.

दरम्यान दुसरीकडे धोका उभा राहिला होता. बधिर करणारं औषध पंपाने दोन-तीन दिवस सांध्यात सतत सोडलं जाई. काही पेशंटांची कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर, झिजून नाहीशी झाली. २००९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा ३५ घटनांवरून इशारा दिला. त्यांतल्या जवळजवळ सगळ्या खांद्याच्या होत्या, पण बोध गुडघ्यालाही लागू होता. कूर्चा गेली की ती पूर्वीसारखी परत येत नाही.

सांधा बदलताना मात्र मूळची कूर्चा काढूनच टाकतात. तिथे वेगळी वाट निघाली. सिडनीच्या केर आणि कोहान यांनी रोपिवाकेन, केटोरोलॅक आणि अ‍ॅड्रेनलिन यांचं मिश्रण सांध्याभोवतीच्या ऊतींत टोचलं. २००८ मध्ये ३२५ पेशंटांचा अनुभव त्यांनी मांडला; त्यात खुब्याचेही पेशंट होते. बहुतेकांना काही तासांतच चालवता आलं. त्यांच्याकडे तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, ही उणीव खरी. पण नंतर तुलना करून झालेल्या अभ्यासांतही, विशेषतः गुडघ्याच्या बाबतीत, फायदा दिसला. आज ही पद्धत आपल्याकडेही वापरात आहे.

तेव्हा तुमच्या घरी कुणाचा गुडघा व्हायचा असेल, तर डॉक्टरांना तीन गोष्टी जरूर विचारा : कोणतं औषध देणार, सांध्याच्या आत की भोवती, आणि एकदाच की सतत? आणि कुणी म्हणालं, "अहो, त्या इंजेक्शनने लगेच थांबलं", तर आनंद माना, पण ऑस्लोचं ते १ मिलिलिटर सलाईन आठवा. थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.