आधी स्वतःवर प्रयोग

मुलगा दहावीत नापास झाला की आपण म्हणतो, 'निकालाने तो खचला.' अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांना हे पटत नसे. ते तरुणपणी फार बुजरे होते. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी उद्यानात अनोळखी स्त्रियांशी मुद्दाम बोलण्याचा परिपाठ ठेवला. नकार मिळाले, आभाळ कोसळले नाही. भीती मात्र ओसरली. मनोविश्लेषण सोडून १९५५ च्या सुमारास त्यांनी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली : माणूस खचतो तो घटनेपेक्षा तिच्याविषयीच्या हट्टी समजुतीमुळे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली स्थापलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थने हा विचार मराठीत रुजवायला हातभार लावला. 'मी नापास झालो' आणि 'मी नालायक आहे' यांतला फरक तानसाकाठच्या वर्गातही आपण शिक्षकांनी उलगडून दाखवायला हवा.