टायगर रणगाडा
दुसऱ्या महायुद्धातील (१९३९–४५) जर्मन सैन्याचा अवजड रणगाडा. ऑगस्ट १९४२ पासून कासेल येथील हेन्शेल कारखान्यात त्याचे उत्पादन सुरू झाले. वजन सु. ५७ टन, पुढील चिलखताची जाडी १०० मिमी. व तोफ ८८ मिमी. व्यासाची असून त्यात पाच सैनिक असत. ही तोफ एक किमी.हून अधिक अंतरावरील रणगाड्यांचा भेद करी.

तथापि वजन हेच त्याचे वैगुण्य ठरले. इंजिनावर ताण पडे, इंधन फार लागे व पुष्कळ पूल त्याचा भार पेलू शकत नसत. लेनिनग्राड आघाडीवरील पहिल्याच वापरात (१९४२) काही रणगाडे नादुरुस्त झाले. ट्युनिशिया, कुर्स्क (१९४३) आणि नॉर्मंडीतील व्हीलेर-बोकाज (१३ जून १९४४) येथे त्याने शत्रूची मोठी हानी केली; परंतु ऑगस्ट १९४४ पर्यंत सु. १,३५० टायगरच तयार झाले. याउलट रशियाचे टी-३४ व अमेरिकेचे शेरमन हे रणगाडे युद्धकाळात प्रत्येकी चाळीस हजारांहून अधिक निघाले. माघारीत इंधन संपलेले वा बिघडलेले अनेक टायगर जर्मन सैनिकांनीच नष्ट केले. ट्युनिशियात ब्रिटिशांनी एप्रिल १९४३ मध्ये हस्तगत केलेला एक टायगर इंग्लंडमधील बॉव्हिंग्टन येथील रणगाडा-संग्रहालयात चालू स्थितीत जतन केलेला आहे.