शीड कधी लहान करायचं? मुंबईच्या 'सुहैली'पासून गोव्याच्या 'तारिणी'पर्यंत

असोद्याहून, म्हणजे बहिणाबाईंच्या माहेरच्या गावाहून, इतिहासाचा नवा भाग घेऊन आलोय. आजचा विषय आहे शिडाची बोट. आता कोणी म्हणेल, "भाऊ, आपल्याकडे समुद्र कुठे?" खरंय. पण वारा तर आहे ना! मे-जूनमध्ये वादळ सुटलं की रावेर-यावलकडच्या केळीच्या बागा आडव्या होतात. पान रुंद, खोड मऊ. पान वारा धरतं आणि मोडतं खोड. म्हणून तर शेतकरी बागेच्या कडेनं शेवरी लावतात.

शिडाच्या बोटीचं दुखणं हेच. तिला वारा हवाच, त्याशिवाय ती हलत नाही. पण प्रमाणाबाहेर वारा धरला तर बोट कलते, शीड फाटतं, नाहीतर डोलकाठीच मोडते. आणि इथं एक गणित आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. ताशी २० किलोमीटरचा वारा ४० वर गेला की त्याच शिडावर चारपट ताण. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला पवनचक्क्या पाहिल्यात ना? वारा फार वाढला की त्यांची पाती वळवून वारा सोडून देतात आणि चक्की थांबवतात. बोटीवर हेच काम शीड लहान करून होतं. खलाशी त्याला म्हणतात 'रीफ करणं'.

करतात कसं? आधी शिडाचा दोर सैल सोडायचा, म्हणजे शिडातला वारा निघतो. मग शीड थोडं खाली घ्यायचं. शिडाच्या पुढच्या कडेला वर एक कडी असते, ती डोलकाठीजवळच्या हुकात अडकवायची. मागच्या कडेलाही तशीच कडी असते, तिच्यातून ओवलेला दोर ओढून शीड खालच्या आडव्या दांड्याला आवळायचं. शीड परत ताणायचं आणि उरलेलं कापड दांड्यावर बांधून टाकायचं. लांबच्या प्रवासाच्या बोटीवर साधारण दोन-तीन टप्पे असतात. जसा वारा वाढेल, तसा पुढचा टप्पा.

ऐकायला सोपं वाटतं. पण हे काम बहुतेक वेळा करावं लागतं रात्री, ओल्या डेकवर, बोट डोलत असताना, कमरेला दोर बांधून. म्हणून जगभरचे खलाशी एकच नियम सांगतात: 'रीफ करू का?' असा प्रश्न मनात आला की लगेच करा. उशीर केला तर वाऱ्यानं ताणलेलं शीड खाली यायलाच तयार होत नाही.

हा उपाय जुना आहे. युरोपात १३व्या शतकातल्या काही बंदर-शहरांच्या शिक्क्यांवर जहाजं कोरलेली आहेत, त्यांच्या शिडांवर अशा बांधायच्या दोऱ्यांच्या ओळी दिसतात. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची गलबतं वेगळी. त्यांचं शीड तिरप्या लांब दांड्याला बांधलेलं असायचं. वारा वाढला की सरळ ते उतरवून दुसरं लहान शीड चढवायचे.

आणि आपल्या लोकांचा सगळ्यात मोठा उपाय होता कॅलेंडर! पावसाळ्यात समुद्रात जायचंच नाही. नारळी पौर्णिमेला नारळ वाहायचा आणि मग होड्या काढायच्या. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे, त्यातही पावसाळ्यात आरमाराची छावणी कशी करावी हे सांगितलंय. बुऱ्हाणपूर-खानदेशचं कापड तापीच्या खोऱ्यातून सुरतेला जायचं, पण तिथून पुढे जहाजं ऋतू बघूनच निघायची.

पण पृथ्वीप्रदक्षिणेला निघालेल्याचं काय? महिनोन्‌महिने समुद्रात. दक्षिण गोलार्धात ४० अंशांच्या खाली गेलं की वारा अडवायला जमीनच जवळपास नाही. तिथं नारळी पौर्णिमेची वाट बघता येत नाही. हाताशी असतं ते शीड, आणि ते कधी लहान करायचं याची अक्कल.

इथं आपली मुंबई गोष्टीत येते. १९६०च्या दशकात रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा तरुण ब्रिटिश जहाज-अधिकारी मुंबईत होता. त्यानं कुलाब्याला सागवानाची एक बोट बांधून घेतली. बांधणारे आपलेच सुतार, हत्यारं हातानं चालवायची. लांबी ३२ फूट, म्हणजे आपल्या एसटीपेक्षाही लहान! डिसेंबर १९६४मध्ये ती पाण्यात उतरली. नाव 'सुहैली'.

१४ जून १९६८ला हा माणूस इंग्लंडहून एकटा निघाला. जगाला फेरी मारायची, कुठल्याही बंदरात न थांबता. दक्षिणेच्या समुद्रात लाटांनी सुहैली आडवी पाडली, केबिन जागची हलली, प्यायच्या पाण्याच्या टाक्या खराब झाल्या, रेडिओ बंद पडला. ऑस्ट्रेलियाजवळ तर बोट आपोआप दिशेवर ठेवणारं यंत्रच मोडलं. आता एकटा माणूस २४ तास सुकाणू धरून बसणार? झोपणार कधी? त्यानं शिडं कमी-जास्त करून बोटीचा तोल असा साधला की ती स्वतःच दिशा धरून चालायची. वादळात बोट वाचवायला शीड लहान करतात हे आपण पाहिलं. त्याच कलेनं इथं त्याला झोप मिळवून दिली.

२२ एप्रिल १९६९ला, ३१२ दिवसांनी, तो परत पोचला. शर्यतीत नऊ जण होते. पूर्ण केली एकट्यानं. विनाथांबा एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो जगातला पहिला माणूस, आणि बोट मुंबईची.

बोट आपली होती, माणूस मात्र आपला नव्हता. ही खंत घेतली एका मराठी माणसानं. व्हाइस ॲडमिरल मनोहर प्रल्हाद अवटी, निवृत्तीनंतर साताऱ्यात फलटणजवळ विंचुर्णीला राहायचे. भारतीय माणसानं, भारतात बांधलेल्या बोटीनं एकट्यानं प्रदक्षिणा करायची, ही कल्पना त्यांची. नौदलातले कमांडर दिलीप दोंदे तयार झाले. शिकायला गेले कोणाकडे? थेट नॉक्स-जॉन्स्टनकडे! गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांनी ५६ फुटांची 'म्हादेई' बांधली. १९ ऑगस्ट २००९ला दोंदे मुंबईहून निघाले आणि चार ठिकाणी थांबून मे २०१०मध्ये परतले. पहिले भारतीय.

मग अभिलाष टॉमी त्याच म्हादेईवर २०१२-१३मध्ये विनाथांबा फिरून आले. २०१७-१८मध्ये वर्तिका जोशी आणि पाच सहकारी महिला अधिकाऱ्यांनी 'तारिणी'वर प्रदक्षिणा केली. २ ऑक्टोबर २०२४ला दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच तारिणी घेऊन गोव्याहून निघाल्या आणि मे २०२५ अखेर परत आल्या. त्यांना शिकवणाऱ्यांत टॉमी होते. म्हणजे वारा बघून शीड कधी आखडायचं हे ज्ञान असं एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात गेलं. पुस्तकात नियम मिळतो, अंदाज हातालाच येतो.

पण एवढ्यानं समुद्र हरतो का? नाही. २०१८मध्ये टॉमी सुहैलीसारख्याच, गोव्यात बांधलेल्या 'थुरिया'वर शर्यतीत उतरले. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात बोट उलटी फिरली, डोलकाठी मोडली, पाठीला जबर मार लागला. जागचं हलता येईना. तीन दिवसांनी फ्रेंच जहाजानं त्यांना उचललं. काही वादळं अशी असतात की तिथं शिडाचं शहाणपणही पुरत नाही. तरी तेच टॉमी पुन्हा त्याच शर्यतीत उतरले आणि २०२३मध्ये दुसरे आले.

तर मंडळी, पुढच्या वेळी मोबाइलवर तारिणीचा व्हिडिओ आला की डोलकाठीकडे नीट बघा. शीड टोकापर्यंत गेलंय की खाली थांबलंय? आणि खालच्या दांड्यावर कापडाची घडी दिसतेय का? दिसली, तर समजा, तिथं कोणीतरी वारा वेळेत ओळखलाय.