इंदापूरची साखळी

आपण घडविलेले छोटेसे साधन समव्यवसायींपुढे उघडे ठेवावे, ही जी रीत आज मुक्तस्रोत आज्ञावली लिहिणाऱ्यांत मानाची ठरली आहे, तिचा एक जुना आणि माझ्या मते उपेक्षित दाखला भीमा-नीरेच्या दुआबातील इंदापूर तालुक्याच्या महसुली इतिहासात सापडतो. इंग्रज मुलकी अधिकारी प्रिंगल यांनी १८२८ मध्ये आरंभिलेली, निव्वळ उत्पन्नाच्या पुस्तकी सिद्धांतावर बेतलेली जमाबंदी रयतेस असह्य झाली. तेव्हा १८३६ मध्ये गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी येथेच धारा उतरवून तीस वर्षांचा बंदोबस्त केला. या पद्धतीचे मर्म तिच्या सुबोधतेत होते: तेहतीस फुटी साखळीचे भाग सोळा आणे, एक साखळी लांब व तितकीच रुंद भूमी म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एक एकर, आणि जमिनीची प्रतही आण्यांतच मांडलेली, त्यामुळे आणेवारी जाणणाऱ्या कोणाही कुळकर्ण्यास ती समजण्याजोगी होती. शेजारच्या भीमथडी तालुक्यातही हाच बंदोबस्त लागू झाला. १८४७ मध्ये सहकारी डेव्हिडसन यांच्यासह लिहिलेल्या संयुक्त अहवालात गोल्डस्मिड व विंगेट यांनी सारे नियम इतर मोजणी-अधिकाऱ्यांपुढे विशद केले, आणि मुंबई इलाख्याबाहेर वऱ्हाडानेही तीच पद्धत स्वीकारली.